पात्र होऊन गाणारे स्टीमपंक बँड: यात गाणे किती आणि सोंग किती?

तिसरी घंटा यांचा प्रश्न

नमस्कार. आमच्या छोट्या श्रवणगटात दर महिन्याला एकाने एखादा अपरिचित संगीतप्रकार इतरांना ऐकवायचा आणि त्यावर तासभर बोलायचे, असा परिपाठ आहे. या वेळची पाळी माझी असून भाच्याच्या नादी लागून मी स्टीमपंक बँड, म्हणजे व्हिक्टोरियन काळातल्या वाफेच्या यंत्रांचे कल्पित जग उभे करून गाणारे बँड, हा विषय घेऊन बसले आहे. गेले तीन आठवडे कॅलिफोर्नियातील सॅन दिएगोचा ‘स्टीम पॉवर्ड जिराफ’, सिॲटलचा ‘ॲब्नी पार्क’ आणि ऑक्सफर्डचा ‘द मेकॅनिझम्स’ असे तीन बँड ऐकत आहे. तिघांचे संगीत एकमेकांशी फारसे जुळत नाही, परंतु एक गोष्ट समान आहे: मंचावर येणारी माणसे स्वतःच्या नावाने येत नाहीत. पहिले म्हणतात की आम्ही १८९६ साली तयार झालेले वाफेवर चालणारे यंत्रमानव आहोत, दुसरे म्हणतात की आम्ही काळातून प्रवास करणाऱ्या वायुनौकेवरचे चाचे आहोत आणि तिसरे तर अंतराळात भटकणारे अमर चाचे.

माझी अडचण अशी आहे. आपल्याकडे संगीत नाटकात नट पात्र म्हणूनच गातो, पण पडदा पडला की तो त्या पात्रातून मोकळा होतो आणि दुसऱ्या दिवशी तेच पद मैफलीत स्वतःच्या नावावर गातो. इथे मात्र तेच सोंग वर्षानुवर्षे, प्रत्येक कार्यक्रमात आणि कधीकधी दोन गाण्यांच्या मधल्या गप्पांतही चालू राहते. गाणी नुसती ऐकताना त्या कल्पित जगाची काहीच माहिती नसली तरी माझे विशेष अडले नाही. मग हे सोंग गाण्यात नेमकी कशाची भर घालते? की पितळी चष्मे आणि दातेरी चाके लावलेल्या टोप्या ही केवळ ओळख पटवणारी वेशभूषा आहे? गटातले दोन सभासद पक्के गाणेवाले आहेत आणि ते हाच प्रश्न विचारून मला गप्प करणार, याची खात्री असल्यामुळे आधीच तयारी करून ठेवत आहे.

---

साथसंगत यांचे उत्तर

प्रश्न रास्त आहे. मी काही वर्षे मूकाभिनय शिकलो आणि नंतर शिकवला, त्यामुळे तुमच्या तीन बँडपैकी पहिल्याबद्दलच अधिकाराने बोलू शकेन.

‘स्टीम पॉवर्ड जिराफ’ची सुरुवात २००८ मध्ये सॅन दिएगोच्या बॅल्बोआ पार्कमध्ये झाली, तीही रस्त्यावरचे कलाकार म्हणून. डेव्हिड आणि इझाबेला बेनेट ही जुळी भावंडे त्याच्या केंद्रस्थानी आहेत आणि दोघांचे रीतसर शिक्षण मूकाभिनयाचे आहे. म्हणजे आधी बँड निघाला आणि मग त्याला कथा चिकटवली असे येथे घडलेले नाही. आधी यंत्रमानवासारखे हलणारे शरीर होते, गाणी त्या शरीराच्या तोंडी आली आणि कर्नल पीटर वॉल्टर नावाच्या संशोधकाने एका स्त्रीचे मन जिंकण्यासाठी गाणारे यंत्रमानव घडवले, ही कथा त्याभोवती वाढत गेली. हा क्रम लक्षात घेतला तर तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळते.

यंत्रमानव साकारण्याची मुख्य अट अशी की एका वेळी एकच सांधा हलवायचा, बाकीचे शरीर खांबासारखे स्थिर ठेवायचे आणि हालचाल संपताना ती विरघळू न देता एकदम थांबवायची. माणसाचा हात थांबतो तेव्हा तो किंचित पुढे जाऊन मागे येतो. हे मागे येणे काढून टाकले की बघणाऱ्याला लगेच यंत्र दिसू लागते. सांगायला हे सोपे आहे, पण पाच मिनिटे करून पाहा, म्हणजे मानेचे स्नायू काय म्हणतात ते कळेल. आता याच अवस्थेत गायचे आहे. गाणाऱ्याला श्वास लागतो, श्वासाने छाती आणि खांदे उचलले जातात आणि यंत्राला तर श्वास नसतो. त्यामुळे श्वास कुठे घ्यायचा हा प्रश्न या मंडळींपुढे गायक आणि मूकनट अशा दोन्ही नात्यांनी येतो. त्यातच गिटारवरची बोटे यांत्रिक ठेवून चालत नाही, म्हणून यंत्रपणाचा सगळा भार मान, खांदे आणि डोळे यांच्यावर येतो. त्यांच्या गाण्यात दोन-तीन आवाजांच्या स्वरमेळावर जो भर आहे, तो मला याच शिस्तीशी जोडलेला वाटतो, कारण एकमेकांत अचूक बसणारे आवाज ऐकताना एकाच यंत्राचे भाग फिरत असल्याचा भास होतो. डेव्हिड यांचा ‘द स्पाइन’ खर्जात गातो आणि इझाबेला यांची ‘रॅबिट’ ही बिघडलेली, बोलताना अडखळणारी व्यक्तिरेखा आहे. एक शांत आणि एक बिघडलेले अशी ही जोडी विनोदाच्या जुन्या परंपरेतलीच आहे.

या सोंगाचा आणखी एक व्यावहारिक फायदा आहे, जो रस्त्यावर खेळ करणाऱ्यालाच कळतो. गिटारची तार तुटली, सूर हुकला, ध्वनिक्षेपक बंद पडला, तर साध्या बँडला माफी मागावी लागते. यंत्रमानवाला मागावी लागत नाही, कारण बिघडणे हा त्याचा स्वभावच आहे. प्रत्येक अपघात खेळात जमा होतो आणि प्रेक्षक तो बहुधा आधीच ठरवलेला समजतात.

हा सगळा आनंद नुसत्या ध्वनिमुद्रणात पोहोचत नाही, हे मात्र मान्य केले पाहिजे. तुम्ही गाणी फक्त ऐकली म्हणून सोंग तुम्हाला वरचे वाटले. आधी पाहा आणि मग ऐका.

---

दूरदेशी यांचे उत्तर

मी बरीच वर्षे सिॲटलच्या परिसरात राहतो, म्हणून ‘ॲब्नी पार्क’ची बाजू मांडतो, जरी ती मांडताना मला थोडी कसरत करावी लागणार आहे.

रॉबर्ट ब्राउन यांनी हा बँड १९९७ मध्ये सुरू केला तेव्हा तो स्टीमपंक नव्हता. गॉथ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या काळ्या, उदास वळणाच्या संगीतातला तो एक बँड होता आणि नावही त्याला शोभणारेच आहे: ॲब्नी पार्क ही उत्तर लंडनमधली, १८४० साली सुरू झालेली दफनभूमी. पुढे जवळपास दहा वर्षांनी त्यांनी कूस बदलली. व्हायोलिन आणि पौर्वात्य वळणाचे ताल ठळक झाले, वाद्यांवर पितळी सजावट चढली आणि २००८ च्या ‘लॉस्ट होरायझन्स’ या अल्बमपर्यंत वायुनौकेवरच्या चाच्यांचे रूप पक्के झाले. कथा अशी की बँडचे विमान ‘ओफेलिया’ नावाच्या, काळातून प्रवास करणाऱ्या वायुनौकेवर आदळले, आणि वाचलेल्यांनी ती नौका ताब्यात घेऊन चाचेगिरी पत्करली.

ही कथा म्हणजे बँडने स्वतःच्या कायापालटाला दिलेले स्पष्टीकरण आहे, असे मला नेहमी वाटत आले आहे. जुने विमान पडले, नवी नौका मिळाली, आणि जुन्या श्रोत्यांना सांगायला एक कारणही मिळाले. साथसंगत यांनी वर्णन केलेली शारीरिक शिस्त येथे नाही. ब्राउन मंचावर चाच्याच्या पोशाखात असतात, पण हालचाल एखाद्या रॉक गायकाचीच असते. म्हणून तुमचे जे गाणेवाले मित्र ‘हे तर नुसते कपडे’ म्हणणार आहेत, त्यांना या बँडबाबत मी फार जोराने खोडून काढू शकणार नाही.

तरीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. येथे सोंग मंचावरून खाली उतरून श्रोत्यांत पसरले. या कथेवर २०११ मध्ये भूमिका घेऊन खेळायचा एक खेळ निघाला, ब्राउन यांनी कादंबरीही लिहिली, आणि कार्यक्रमाला येणारी मंडळी स्वतःच चाचे, यंत्रज्ञ, वैमानिक होऊन येऊ लागली. मी एकदा अशा कार्यक्रमाला साध्या सदऱ्यात गेलो आणि संपूर्ण सभागृहात मी एकटाच वेषांतर करून आल्यासारखा दिसत होतो. बँडपेक्षा श्रोत्यांनीच ते जग अधिक गांभीर्याने वाहिले, असे म्हटले तर ती तक्रार समजू नये.

पैशाची बाजूही विसरू नका. ही मंडळी मोठ्या कंपन्यांच्या आधारावर उभी नाहीत. अल्बम, टोप्या, पुस्तके, चित्रे जे काही विकायचे ते बहुतांशी स्वतःच विकायचे, आणि विकायला एक सबंध जग असले तर गाण्याखेरीज शंभर वस्तू विकता येतात. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही, ही आपली म्हण येथे अशी उलटी फिरते की पैशासाठीच सोंग नीट आणावे लागते.

---

भोंगा यांचे उत्तर

वरची दोन्ही उत्तरे वाचनीय आहेत, पण सगळेजण एक प्रश्न टाळून पुढे जात आहेत असे वाटते. या बँडनी जे जग कल्पिले आहे त्यात वाफ आहे, पितळ आहे, उंच टोप्या आहेत. ती वाफ कोणाच्या कोळशावर निघाली? माझे आजोबा परळच्या गिरणीत होते. वाफेच्या युगाबद्दल त्यांच्याकडून मी जे ऐकले त्यात दातेरी चाकांची नक्षी कुठेच नव्हती.

स्टीमपंक हा शब्द मुळात गमतीने घडवलेला आहे. के. डब्ल्यू. जेटर या लेखकाने एप्रिल १९८७ मध्ये ‘लोकस’ या नियतकालिकाला लिहिलेल्या पत्रात आपल्या आणि आपल्या दोन मित्रांच्या व्हिक्टोरियन काळातल्या कल्पनारम्य लेखनासाठी हे नाव सुचवले, त्या वेळी गाजत असलेल्या सायबरपंक या संगणकयुगावरच्या विज्ञानकथांच्या प्रकाराच्या धर्तीवर. पण त्याची मुळे ज्यूल व्हर्न या फ्रेंच कादंबरीकारापर्यंत जातात, आणि तेथे आपला थेट संबंध येतो. स्टीमपंकच्या मेळाव्यांत हमखास दिसणारा कॅप्टन नेमो, व्हर्नच्या कादंबऱ्यांतला पाणबुडीचा कप्तान, हा बुंदेलखंडच्या राजाचा मुलगा, राजपुत्र डक्कर आहे आणि १८५७ च्या उठावात लढलेला आहे. व्हर्नने हे १८७५ मध्ये उघड केले. आधी नेमोला पोलिश करायचे त्याच्या मनात होते, पण रशियातले वाचक दुखावतील म्हणून प्रकाशकाने ते होऊ दिले नाही. (जाता जाता: नेमोची पाणबुडी विजेवर चालते, वाफेवर नाही. हे मेळाव्यात सांगू नये, लोक नाराज होतात.)

याच व्हर्नने १८८० मध्ये ‘ला मेझाँ आ व्हापर’, म्हणजे वाफेचे घर, ही कादंबरी लिहिली. तिच्यात वाफेवर चालणारा पोलादी हत्ती इंग्रज प्रवाशांची चाकांवरची घरे ओढत हिंदुस्थानभर फिरतो, आणि कथेतला खलनायक आहे नानासाहेब पेशवे. शेवटी तो हत्ती स्फोटात नष्ट होतो तेव्हा नानासाहेबांना त्यालाच बांधलेले असते. एकाच लेखकाने पाच वर्षांच्या अंतराने १८५७ च्या एका बंडखोराला नायक आणि दुसऱ्याला राक्षस केले. आता ‘स्टीम पॉवर्ड जिराफ’च्या कथेकडे पाहा. तेथे १८९७ मध्ये हे यंत्रमानव आफ्रिकेत जाऊन शत्रूच्या तांब्याच्या हत्तींच्या फौजेशी लढतात. त्या वर्षी आफ्रिकेत प्रत्यक्षात काय चालले होते? फेब्रुवारी १८९७ मध्ये ब्रिटिश फौजेने बेनिन शहर लुटले आणि तेथले पितळी शिल्पधन युरोपच्या संग्रहालयांत गेले. कथेतला धातू आणि इतिहासातला धातू इतक्या जवळ येऊनही एकमेकांना ओळखत नाहीत.

बँडने जाणूनबुजून काही लपवले असा माझा आरोप नाही, ती हसतखेळत रचलेली कथा आहे. परंतु कल्पित जग उभारताना काय बाहेर ठेवले, हेही त्या जगाचे वर्णनच असते. तिसरी घंटा यांनी गटात बोलताना निदान पाच मिनिटे यासाठी ठेवावीत.

---

तिसरी घंटा यांचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. भोंगा, नानासाहेब आणि वाफेचा हत्ती हे मला सर्वस्वी नवे होते आणि माझ्या तासाची सुरुवात बहुधा तेथूनच होईल. मात्र तुमच्या मताशी एका मुद्द्यावर माझा मतभेद आहे. कथा हसतखेळत रचलेली असली तरी तिच्यातले यंत्रमानव मुळात प्रेमासाठी आणि गाण्यासाठी घडवलेले असून त्यांना नंतर युद्धात जुंपले जाते, आणि त्यांच्या काही गाण्यांत त्याचा विषाद ऐकू येतो. जग निर्दोष नाही, पण ते अगदी आंधळेही नाही, एवढेच माझे म्हणणे.

‘द मेकॅनिझम्स’बद्दल कोणीच लिहिले नाही. मला तो बँड तिघांत सर्वांत अवघड गेला. अल्बममध्ये गाण्यांपेक्षा बोलणे जास्त आहे की काय, असे वाटत राहते.

---

उत्तररंग यांचे उत्तर

बोलणे जास्त वाटते, कारण ते आख्यान आहे. तुम्ही त्याला गाण्यांचा संग्रह समजून ऐकलेत, म्हणून ते अडखळले. कीर्तनात बुवा कथा लावतात, मध्ये पद येते, पदानंतर कथा पुन्हा धरली जाते. पद वेगळे काढून ऐकले तर गोड लागेल, पण ते कथेत त्याच जागी का आले हे कळणार नाही. या मंडळींचा कार्यक्रम याच घडणीचा आहे. ‘ऑरोरा’ नावाच्या जहाजावरचे अमर चाचे गावोगाव, म्हणजे ग्रहोग्रही फिरून लोकांना कोणाची तरी शोकांतिका सांगतात आणि मधूनमधून गातात.

ते स्वतःची गोष्ट फारशी सांगत नाहीत, हा येथला कळीचा भाग आहे. २०१२ चा पहिला अल्बम परीकथांवर आहे, त्यानंतरचा ग्रीक पुराणकथांवर, २०१४ चा आर्थर राजाच्या कथेवर, पण काउबॉयच्या वळणाने अंतराळस्थानकात घडणारा, आणि २०१७ चा नॉर्स देवतांवर, तोही एका आगगाडीत. अनेक चाली जुन्या लोकगीतांच्या आहेत आणि शब्द नवे. जुनी चाल, जुनी कथा, नवे शब्द हा व्यवहार आपल्या शाहिरांना आणि कीर्तनकारांना सांगावा लागत नाही. ओळखीच्या चालीमुळे श्रोता अर्धी वाट आपणहून चालून येतो, आणि मग शेवट वेगळा झाला की त्याला धक्का बसतो.

मग पात्रे कशाला? कारण कथा सांगणाऱ्याला मरण नाही आणि कथेतल्या माणसांना आहे. जॉनी डीव्हिल हा मुख्य निवेदक स्वतःला कप्तान म्हणवतो आणि बाकीचे दर वेळी त्याला ‘उपकप्तान’ म्हणून दुरुस्त करतात. हा हशा एकीकडे, आणि दुसरीकडे त्याच तोंडून, त्याच बेफिकिरीने, एका शहराचा नाश सांगितला जातो. साध्या माणसाने ही कथा सांगितली असती तर त्याला हळहळावे लागले असते. अमर माणसाला हळहळ परवडत नाही, त्यामुळे ती श्रोत्याच्या वाट्याला येते. सोंग गाण्यात काय भर घालते, या तुमच्या प्रश्नाचे या बँडपुरते माझे उत्तर हेच आहे.

शेवटही पाहण्यासारखा आहे. पात्र घेऊन गाणाऱ्याला ते सोडायचे कसे, हा प्रश्न कधी ना कधी येतोच. इंग्रज रॉक गायक डेव्हिड बोवी यांनी ३ जुलै १९७३ रोजी लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनमध्ये भर मंचावरून हा आपला शेवटचा कार्यक्रम असल्याचे सांगितले आणि झिगी स्टारडस्ट हे पात्र संपवले, तेव्हा साथीदारांपैकी काहींनाही त्याची कल्पना नव्हती. ‘द मेकॅनिझम्स’ने जानेवारी २०२० मध्ये निरोपाचा कार्यक्रम केला तेव्हा मात्र अल्बमचे नावच ‘डेथ टु द मेकॅनिझम्स’ ठेवले आणि अमर म्हणवणाऱ्या आपल्या पात्रांना कसे मरण आले, हे एकेकाबद्दल सांगितले. गंमत अशी की जॉनीची भूमिका करणारे जोनाथन सिम्स यांनी २०१६ पासून लिहिलेल्या आणि वाचलेल्या ‘द मॅग्नस आर्काइव्ह्ज’ या भयकथांच्या पॉडकास्टमुळे बँडला पुष्कळ श्रोते बँड संपल्यानंतर मिळाले. त्यांच्या दृष्टीने हे चाचे पहिल्या भेटीतच मेलेले होते.

---

दूरदेशी यांचे उत्तर

उत्तररंग यांचा पात्र सोडण्याचा मुद्दा वाचून ‘स्टीम पॉवर्ड जिराफ’चा उलट प्रकार आठवला. तेथे पात्र न सोडता बदलले जाते. मूळच्या चमूतले कलाकार २०११ आणि २०१२ मध्ये बाहेर पडले, तेव्हा त्यांच्या यंत्रमानवांचा पोशाख दुसऱ्याला चढवला नाही. अनेक वर्षे कुलूपबंद ठेवलेला ‘हॅचवर्थ’ नावाचा वेगळाच यंत्रमानव बाहेर काढला, म्हणजे नवा माणूस नव्या पात्रासह आला. आणि २०१४ मध्ये इझाबेला बेनेट यांनी आपण पारलिंगी स्त्री असल्याचे जाहीर केले, तेव्हा रॅबिट हे पात्रही स्त्रीरूपात मंचावर आले. यंत्राची जडणघडण बदलता येते, ही त्या जगातली पहिल्यापासूनची सोय असल्यामुळे ते कथेला कुठेही टोचले नाही. एखाद्या माणसाला स्वतःबद्दलची इतकी मोठी गोष्ट आपल्या पात्राच्या सोबतीने सांगता आली, हे मला त्या बँडच्या सगळ्या पितळी थाटमाटापेक्षा मोलाचे वाटते. मी वर वेशभूषेबद्दल जे लिहिले ते ‘ॲब्नी पार्क’पुरतेच समजावे.

---

साथसंगत यांचे उत्तर

दूरदेशींशी सहमत आहे. तिसरी घंटा, आता तासाच्या मांडणीबद्दल थोडेसे. सुरुवात नानासाहेबांपासून करू नका, नाहीतर चर्चा १८५७ वर जाईल आणि गाणे राहूनच जाईल. आपल्या गटांचा मला अनुभव आहे. तो भाग मध्ये घ्या. शेवटी ‘द मेकॅनिझम्स’ ठेवा आणि त्यातली सुटी गाणी न निवडता एका अल्बमची सलग वीस मिनिटे ऐकवा. ‘ॲब्नी पार्क’चे एखादे गाणे पुरे.

आणि सुरुवातीला ‘स्टीम पॉवर्ड जिराफ’ची एखादी रस्त्यावरच्या खेळाची चित्रफीत आवाज बंद ठेवून दोन मिनिटे दाखवा. तुमच्या दोन्ही गाणेवाल्यांना विचारा की गायक श्वास केव्हा घेतो आहे ते दिसते का. त्यांनी उत्तर दिले की मगच आवाज सुरू करा.